नाकातली शेंडी

मी होडी बोलतेय. फायबरची, पिवळी, तीन पोरींना पुरेल एवढीच. सत्त्याण्णव साली उद्यमनगरातल्या एका शेडात आकाराम मिस्त्रींनी मला साच्यातून काढलं, आणि दिवाळीच्या सुट्टीत मी छात्रसेनेच्या मुलींबरोबर पंचगंगेत उतरले. नदी जिथं सुरू होते त्या प्रयाग संगमापासून नरसोबावाडीपर्यंत चार दिवसांची मोहीम. पोटात पोरी बसल्या की माझा जीव खालीवर व्हायचा. होडीच्या जातीनं पाण्याला एवढं भ्यावं का, असं माझं मलाच वाटायचं.

निघताना मोहिमेचे प्रमुख हंबीरराव सर नारळ घेऊन आले.

"सर, पायरीवर फोडा," मिस्त्री म्हणाले. "ही लाकडाची न्हाय."

"नारळानं फुटली तर नदीत काय टिकंल, मिस्त्री?"

दोन घाव फुकट गेले. तिसऱ्याला नारळ फुटला आणि मीही. माझ्या नाकाला बोटभर भेग पडली, शेंडीची बट तिच्यात अडकली. मिस्त्रींची पाठ वळताच सरांनी इकडंतिकडं बघितलं, भेगेत रंगाऱ्याची लांबी भरली आणि वर पिवळा रंग फासला.

दुसऱ्या दिवशी लांबी सुटली. पुढं अकरावीतली शांभवी बसली होती. पाणी आत येत होतं, तरी तिनं जेवणाच्या डब्यानं उपसत मला बंधाऱ्यापर्यंत आणलं. काठावर सगळ्यांसमोर सर ओरडले, "दगडावर आपटलीस की!"

"न्हाय सर, दगड लागलाच न्हाय."

"वर तोंड करून बोलतीस?"

दिल्लीच्या संचलनाच्या यादीत तिचं नाव होतं. त्यांनी ते लाल पेनानं खोडलं आणि तिला सैपाकाच्या टेम्पोत बसवलं.

तेव्हापासून मी त्याला अहो-जाहो करणं सोडलं.

त्यानं भेग पुन्हा लिंपली. मला लगेच फुटता आलं असतं, पण आत दुसऱ्या तिघी होत्या. लेकरं पोटात असताना सूड कसा उगवायचा? दोन दिवस नाक आवळून धरलं. हा एकटा कधी बसतोय, एवढंच घोकत राहिले.

बसला. वाडीच्या घाटावर पुण्याचे कर्नलसाहेब वाट बघत होते. हंबीररावानं पोरींना अलीकडेच उतरवलं, कडक इस्त्रीत एकटाच वल्हवत आला आणि घाट जवळ येताच सलाम ठोकायला उभा राहिला. कमरेएवढ्या पाण्यात मी नाक सैल सोडलं. भेग आपोआपच उकलली असेलही, पण श्रेय मी सोडणार नाही. टोपी तेवढी तरंगत साहेबांपर्यंत पोचली.

पोरींनी मला ओढून पायरीवर पालथं घातलं.

"दगडानं फुटली, साहेब," तो निथळत म्हणाला.

शांभवीला न्यायला तिची आई, गौराबाई, आली होती. ती वाकली. रंग सुटलेल्या भेगेतून तिनं कुंकू लागलेली शेंडी ओढून वर धरली.

"का वं सर, नदीतल्या दगडाला शेंडी असती व्हय?"

शांभवीचं नाव खोडल्याचं पोरींनी सांगितलं, तशी कर्नलसाहेबांनी यादी मागवली. ओल्या हातानं त्यालाच नाव पुन्हा लिहावं लागलं. शाई पसरली, पण नाव राहिलं.

आता दहा वर्षं मी छात्रसेनेच्या गोदामामागं पालथी पडलेय. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालतात. परवा हंबीरराव लांबीचा डबा घेऊन आला होता. निवृत्तीआधी सगळं नीटनेटकं करायचंय म्हणे.

माझं एवढंच मागणं आहे. मला भंगारात घाला, खुराडं करा, पण ही भेग बुजवू देऊ नका. गौराबाईच्या हातून शेंडीचे दोन धागे आतच राहिलेत. त्याला येता-जाता दिसू देत.