पोलिक्सेनीचं चाळिसावं

"अलीकडे कुणाची आई मेलीय का?" कॉफीचे पेले गोळा करता करता प्रोद्रोमोसने विचारलं.

रविवारची दुपार होती. त्याच्या कॉफीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही सहाजण बसलो होतो आणि कुणीच कुणाकडे नीट बघत नव्हतं. १९७१चा फेब्रुवारी. तिकडे ग्रीसमध्ये कर्नलांचं राज्य येऊन चार वर्षं होत आली होती, आणि ह्या चार वर्षांत जर्मनीतल्या ह्या कारखान्यांच्या गावात आम्ही कर्नलांशी कमी आणि एकमेकांशीच जास्त भांडलो होतो. प्रोद्रोमोसची माणसं मधल्या वाटेची. मीनासची माणसं कम्युनिस्ट. त्यांच्यातून फुटलेले आम्ही दुसरे कम्युनिस्ट, आणि आमचं तर मीनासशी जास्तच वाकडं. तीन गट, तीन पत्रकं, आणि मोर्चा काढला की प्रत्येकामागे वीस-वीस माणसं. जर्मन लोक ट्राममधून बघायचे आणि हसायचे.

यंदा एकवीस एप्रिलला, कर्नलांनी सत्ता बळकावली त्या तारखेला, सगळ्यांनी मिळून एकच मोर्चा काढायचा असं घाटत होतं. त्यासाठी आधी सगळ्यांना एकदा एका छताखाली बसवणं भाग होतं. चर्चमागचा हॉल मिळत होता. अडचण कर्नलांच्या वकिलातीची होती. सभा म्हटली की त्यांचा माणूस दारात उभा राहून नावं टिपून घ्यायचा. मोर्च्यात मफलर गुंडाळून तोंड लपवता येतं, हॉलच्या दारात ते जमत नाही. नाव गेलं की पासपोर्टची मुदत वाढत नसे, आणि पासपोर्ट गेला की कामाचा परवानाही गेला.

"मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला त्यांचा माणूस येत नाही," असं मीच म्हणालो होतो. ही अक्कल माझी, दुसऱ्या कुणाची नाही. "मेलेल्याच्या नावाने शिजवलेले गहू खायला चाळीस माणसं जमली तर कोण हरकत घेणार? कर्नल तर उठता बसता धर्माचं नाव घेतात."

म्हणून प्रोद्रोमोस मेलेली आई शोधत होता.

"माझा बाप चालेल का?" मीनास म्हणाला. "बेटावरच्या कैदेत गेला."

"बावीस वर्षांनी चाळिसावं घालतोस? मोजता येतं ना तुला?"

"मग तुझी सासू घे."

"ती आपल्या सगळ्यांना पोचवूनच जाईल रे बाबा."

स्तेरिओस शेगडीजवळ बसला होता. तो कुठल्याच गटात नव्हता. पॉलिश खात्यात माझ्या शेजारच्या चाकावर तो मोटारींच्या दारांच्या मुठी घासायचा, आणि रविवारी कॉफी प्यायला यायचा, एवढंच. चार इयत्ता शिकलेला, डोंगराकडचा माणूस. तिन्ही गटांनी ज्याच्या हातचं खाल्लं असतं असा गावात तो एकटाच होता.

"माझी आई घ्या," तो म्हणाला.

मीनासने पटकन टोपी काढली. "अरे, कधी गेल्या?"

"गेली नाही. कोंबड्या पाळते. पण आमच्या गावाला फोन नाही, बस नाही. कोण बघायला जातंय वर? आणि मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात."

आम्ही हसलो. मीनासने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. जिवंत बाईचं श्राद्ध घालायला निघालो होतो आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चार वर्षांत माणूस किती थकतो ते ह्यावरून समजावं.

काळ्या चौकटीची सूचना मी लिहिली. असल्या कागदांना सरकारी, जडजंबाल ग्रीक भाषा लागते, ती मला शाळेमुळे येत होती. 'आमची परमप्रिय माता पोलिक्सेनी हिच्या देहावसानाला चाळीस दिवस पूर्ण होत असल्याने', आणि खाली 'शोकाकुल पुत्र स्तेरिओस'. प्रोद्रोमोसने ती छापून आणली आणि चर्चच्या दाराला डकवली. फादर आंथिमोसना खरं काही सांगितलं नाही. भला माणूस होता, खोटं बोलायची वेळ आली की त्यांचा घसा बसायचा.

गहू स्तेरिओसनेच केले. कामगारांच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशी शिजवले, पंच्यावर पसरून सुकवले, त्यात मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे घातले. वरून पिठीसाखरेचा थर दिला आणि कागदाने दाबून दाबून गुळगुळीत केला. आईच्या हाताखाली लहानपणी शिकला होता. साखरेवर मधोमध बदामांचा क्रूस काढला. क्रूसाखाली मेलेल्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं असतं. तिथे तो थांबला.

"अक्षर राहिलं," मी म्हणालो.

"राहू दे. कागदावर खोटं चालतं, आर्यिरिस. गव्हावर नको."

तो रविवार मला अजून लख्ख आठवतो. स्तेरिओस दंडाला काळी फीत बांधून हॉलच्या दारात उभा होता आणि एकेक जण येऊन त्याचा हात हातात घेऊन रीतीप्रमाणे म्हणत होता, "तुम्हाला आयुष्य लाभो." पहिल्या चार-पाच जणांनी डोळाही मारला. दहाव्या माणसापर्यंत स्तेरिओसच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं.

"नाटक पुरे की," मी त्याच्या कानाशी पुटपुटलो.

"नाटक नाही रे. आठ वर्षं झाली तिला बघून."

फादरांनी 'देवाची दासी पोलिक्सेनी' असं नाव घेऊन प्रार्थना म्हटली. स्तेरिओस छातीवर क्रूस काढत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. "आत्ता नाही हं, देवा. आत्ता नाही."

फादर ब्रँडीचा पेला संपवून गेले. दार लावलं, आणि मग जे व्हायचं तेच सुरू झालं. पत्रकावर कुणाचं नाव आधी छापायचं, ह्यावर एक तास गेला.

"आधी आम्ही तुरुंगात गेलो," मीनास म्हणाला.

"म्हणून यादीतही आधी? हे काय न्हाव्याचं दुकान आहे, नंबर लावायला?" प्रोद्रोमोस उसळला. आमच्यातला एकजण कोट घालून निघालासुद्धा.

स्तेरिओस परात घेऊन मधे आला. "आधी खाऊन घ्या. टाकू नका, आईच्या नावाचं आहे." तोंडात गहू असताना भांडता येत नाही. सगळे खाली बघून चावत राहिले. मग तो म्हणाला, "कुणाचंच नाव घालू नका ना. ह्याच्यावर तरी कुठे घातलंय?"

आणि तेच ठरलं. पत्रकावर फक्त 'ग्रीक कामगार' असं छापलं. एकवीस एप्रिलला सहाशे माणसं एका फलकामागे चालली. त्या दिवशी ट्राममधलं कुणी हसलं नाही. आम्हाला वाटलं, आता कर्नल जाणारच, उन्हाळ्याच्या आत.

उन्हाळा गेला. कर्नल होते तिथेच होते. सप्टेंबरात स्तेरिओसच्या बहिणीचं पत्र आलं. आईला झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, बोलणं बोबडं झालं होतं. 'तुझं नाव मात्र नीट घेते. लवकर ये, डॉक्टर महिन्याची गोष्ट करतात.'

स्तेरिओसच्या पासपोर्टची मुदत जुलैतच संपली होती, कामाचा परवाना तेवढा अजून चालू होता. वकिलातीत रांगेने अर्ज दिला की चार महिने लागायचे. आई मरणाच्या दारात असेल तर त्याच दिवशी शिक्का मारून देत. त्यांचे अर्ज त्याच जडजंबाल भाषेत लिहावे लागत, म्हणून मी बरोबर गेलो.

खिडकीमागचा साहेब पन्नाशीचा होता, नखं स्वच्छ, आवाज मऊ. त्याने बहिणीचं पत्र वाचलं. उठून कपाटातून एक फाइल काढली आणि तिच्यातून काळ्या चौकटीचा कागद काढून आमच्यापुढे ठेवला. चर्चच्या दारावरचाच होता. वरच्या कोपऱ्यांना गोंद तसाच.

"स्तेरिओसराव," तो म्हणाला, "तुमच्या मातोश्री तर मागच्या हिवाळ्यातच वारल्या, मार्चमध्ये चाळिसावं झालं. मग तुम्ही भेटायला कुणाला जाणार?"

साहेबाने माझ्याकडे मान वळवली.

"तुम्ही होता चाळिसाव्याला?"

"होतो साहेब."

"कोण वारलं होतं?"

माझ्या खिशात माझा पासपोर्ट होता. नाताळात बायको-मुलीला आणायला जायचं ठरलं होतं. मुलगी तीन वर्षांची झाली होती, मी तिला एकदाच पाहिलं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी स्तेरिओसच्या आईचा विचार माझ्या मनात आलाच नाही.

"ह्याची आई," मी म्हणालो.

"ऐकलंत?" साहेब मऊपणे म्हणाला. "आता दोन कागद आहेत. एक खोटा असणार. हा खोटा असेल तर मी रागावणार नाही. गरीब माणसाला लोक वापरून घेतात, मला माहीत आहे ते." त्याने एक कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "त्या दिवशी हॉलमध्ये कोण कोण जेवलं, तेवढं लिहा. आज शिक्का, संध्याकाळी गाडी. परवा आईपाशी असाल."

स्तेरिओसने पेन उचललं. पॉलिश खात्यात दहा वर्षं काढलेल्या बोटांत ते फार बारीक दिसत होतं. तो माझ्याकडे वळला नाही. वळला असता तर बरं झालं असतं, निदान मला मान खाली घालता आली असती. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा एकदा हलला, दोनदा हलला. मग त्याने पेन जिथून उचललं होतं तिथेच, कागदाला समांतर, ठेवलं.

"आई गेली, साहेब," तो म्हणाला. "मागच्या हिवाळ्यातच गेली. बहिणीला अजून पटत नाही. भ्रमिष्टासारखी पत्रं लिहिते बिचारी."

साहेबाने कोरा कागद परत ओढून घेतला. मग फाइल मिटली. "ठीक. रांगेचा अर्ज भरा. जानेवारीपर्यंत होईल. गेलेल्या माणसाला भेटायची घाई नसते." आणि वर, रीत म्हणून, "तुम्हाला आयुष्य लाभो."

"तुम्हालाही," स्तेरिओस म्हणाला. तीही रीतच.

जिना उतरताना मी म्हणालो, "स्तेरिओस, मी..."

"पाच चाळीसची ट्राम मिळेल," तो म्हणाला. "चल."

ऑक्टोबरच्या शेवटी तार आली. पासपोर्ट पुढे जानेवारीत आला, शिक्क्यासकट.

आई खरोखर गेली तेव्हा स्तेरिओसला दंडाला काळी फीत बांधता आली नाही, ती मार्चमध्येच बांधून सोडून झाली होती. दाढी वाढवता आली नाही. चर्चच्या दाराला कागद लावता आला नाही, कारण तो लावला असता तर पहिला खोटा ठरला असता आणि चाळीस जणांच्या मागे ससेमिरा लागला असता. फादरांना तरी सांग, असं मी म्हटलं. "नको. विचारायला आले कुणी तर म्हातारा घसा खाकरत बसेल," तो म्हणाला. रोज सहाला चाकावर यायचा, मुठी घासायचा. डोळे लाल दिसले तर धूळ म्हणायचा. धूळ होतीच.

आमची एकी तोवर मोडली होती. पुढच्या मोर्च्यात भाषण कुणी करायचं, ह्यावरून मीनासने प्रोद्रोमोसच्या दुकानात पाऊल ठेवणं सोडलं होतं.

डिसेंबरात एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत स्तेरिओस मला सायकलींच्या शेडमागे घेऊन गेला. थंडी मी म्हणत होती. तिथे ओतकाम खात्यातून आलेला मीनास उभा होता. कुंपणापलीकडे, दुकान बंद करून आलेला प्रोद्रोमोस, तारेला हात धरून. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. स्तेरिओसने त्यांना बोलावलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

त्याने जेवणाचा डबा उघडला. आत गहू होते, वर पिठीसाखरेचा थर, दाबून गुळगुळीत केलेला. बदामांचा क्रूस. आणि क्रूसाखाली, ह्या वेळी, आईच्या नावाचं अक्षर. आमच्या लिपीत ते दोन उभ्या रेघा आणि वर एक आडवी, दाराच्या चौकटीसारखं असतं.

मीनासने टोपी काढली. ह्या वेळी ती परत डोक्यावर गेली नाही.

चमचा एकच होता. मीनासने कडेकडेचं खाल्लं आणि चमचा पुसून तारेतून प्रोद्रोमोसला दिला, डबाही तारेशी धरला. प्रोद्रोमोसने खाल्लं. जे बोलायचं असतं ते आम्ही मार्चमध्ये डोळा मारून बोलून बसलो होतो. अक्षराला दोघांनीही धक्का लावला नाही.

मग स्तेरिओसने डबा माझ्यापुढे धरला.

"तू खा, आर्यिरिस. कागद तू लिहिला होतास."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला, पण नव्हता. मी चमचा घातला आणि ती चौकट मोडून खाल्ली. साखर थंडीने कडक झाली होती.

"देव तिला क्षमा करो," गहू खाल्ल्यावर म्हणतात ते मी म्हणालो.

त्याने मान हलवली. भोंगा झाला. नळावर जाऊन त्याने डबा विसळला, झाकण लावलं, आणि आम्ही आपापल्या चाकावर गेलो.