काळी पाच

उर्वशीने माईकवर तळहात आपटला. भोंग्यातून फट्‌कन आवाज निघाला. समोर जिलेबीच्या दुकानावर ताडपत्री बांधणारी दोन माणसं वळून पाहू लागली.

"बंद करा," ती म्हणाली. "सगळे बंद करा."

डिंपलने कीबोर्डवरचे हात उचलले. प्रफुलची काडी ड्रमवर एकदा उगीच वाजून थांबली. नंदलालने ट्रम्पेट खाली घेतला. भुवनेश्वरने मात्र सॅक्सोफोन तोंडातून काढायलाही थोडा वेळ लावला.

"काका, त्याच जागी. पुन्हा त्याच जागी!"

"हो बाई."

"हो काय? कडव्याच्या आधीचा तुकडा हाय तो. तुमी अडखळता, अन् मी इथं तोंड उघडून उभी राहते. लोकाईले वाटते, हिलेच येत नाही."

भुवनेश्वरने गळ्यातल्या दुपट्ट्याने वाद्याचं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. साठी उलटलेला माणूस, मान खाली घालून उभा. त्याचं ते मान खाली घालणंच उर्वशीला आताशा सहन होत नसे. माणसाने उलटून दोन शब्द बोलावेत, सॅक्सोफोनची पत्ती नरम झाली होती म्हणावं, ऊन लागलं म्हणावं. हा काहीच म्हणत नाही.

नवेगाव बांधाच्या अलीकडचं गाव. दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. नंदलालचा बँड गोंदियाहून निघतो, तो महिनाभर या गावाहून त्या गावाला फिरत राहतो. रात्री नाटक असतं. नाटकाच्या आधी, चारच्या सुमाराला, बँडचा कार्यक्रम. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून त्यावर फळ्या टाकल्या होत्या, तेच स्टेज. चार वाजायला अजून अवकाश होता. शिंगाड्यांच्या टोपल्या येऊन लागत होत्या आणि शेजारच्या भाताच्या बांधीतून कापलेल्या हलक्या धानाचा वास येत होता.

इतर बँडांसारखा हा बँड नव्हता. नंदलालचे वडील रेल्वेच्या क्लबात वाजवायचे. गोरे गार्डसाहेब तिथे बायकांना घेऊन नाचत. तिथला तो झुलता ठेका त्यांनी उचलला, जुन्या सिनेमातल्या गाण्यांना लावला, आणि त्याला मरेपर्यंत 'स्विंग' म्हणत राहिले. तो ठेका, मधूनमधून सॅक्सोफोनचे तुकडे आणि उर्वशीचा गळा, एवढ्यावर हा बँड चालत आला होता. चार लोक खुर्चीवर बसून ऐकतील आणि चाळीस लोक मातीत नाचतील, असा.

"नंदलालभाऊ, इकडे ये," उर्वशी म्हणाली.

नंदलाल आला. ती मुद्दाम हळू बोलली नाही.

"बालाघाटच्या त्या सॅक्सोफोनवाल्या उमेंद्रले फोन लाव. उद्याच्या गावी त्याले बोलाव."

"मंडई सरू दे ना उर्वशी. मग पाहू."

"मागच्या गावातही हेच म्हटलं. तिथं काय झालं? पोट्टे शिट्या मारून राहिले होते. 'बुढे बाबा को बिठा दो,' म्हणे. ऐकलं ना तू? का तुझ्या कानात ट्रम्पेट होता?"

प्रफुल हसला आणि लगेच खोकू लागला.

"ऐकलं," नंदलाल म्हणाला.

"मग? एक तर काका, नाही तर मी. आज सांग. आताच्या आता सांग."

नंदलालने डिंपलकडे पाहिलं. डिंपल त्याचीच मुलगी. ती खाली पाहून कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत होती.

"बाई बरोबर बोलून राहिली, नंदलाल," भुवनेश्वर म्हणाला. "पोट्ट्याले बोलाव. आजचं मी वाजवतो, अन् सकाळच्या गाडीनं घरी जातो."

हे ऐकून उर्वशीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिचा राग आणखी चढला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिचं गाणं ऐकून याच माणसाने तिला बँडमध्ये आणलं होतं. श्वास कुठे घ्यायचा, कुठे चोरायचा, हे त्याने दाखवलं होतं. ती चुकली की तो तिच्याकडे न पाहता पायाने फळीवर ठोका द्यायचा, आणि ती ठिकाणावर यायची. इतक्या वर्षांत तो कधी एका सुराने घसरला नव्हता. आणि आता, ती मरणाच्या दारातून परत आली तेव्हा, याच्याच बोटांनी दगा द्यावा?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाजही गेला. कित्येक दिवस ती नुसती फुसफुसत बोलायची. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, गाण्याचं सांगता येत नाही. तिने नागऱ्याच्या महादेवाला सोमवार धरले. पहाटे अंघोळ, बेल, दिवसभर निराहार. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या जत्रेत बँडचा कार्यक्रम होता. ती आधी देवळात गेली, पिंडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, आज गळा फुटला तर पुन्हा स्टेजवर पाय ठेवणार नाही. मग येऊन उभी राहिली, आणि वरचा सूर लागला. अगदी पहिल्यासारखा. गाणं संपल्यावर तिने तिथूनच कळसाला हात जोडले होते.

तेव्हापासून एकही सोमवार चुकला नव्हता. आणि तेव्हापासूनच काकांची बोटं अडखळत होती.

"सकाळच्या गाडीनं जातो म्हणे," ती भुवनेश्वरला म्हणाली. "घरी बसून तरी काय करणार तुमी? महादेवानं माझा गळा परत केला, काका. पण तुमची बोटं घेतली वाटते त्यानं. हिशेब केला."

आपण काय बोललो ते तिला कळलं, पण ते परत घेण्याइतकी ती शांत नव्हती.

कीबोर्डचं स्टँड करकरलं. डिंपल उभी राहिली होती.

"मावशी, गाणं पुन्हा घ्या," ती म्हणाली.

"कायले?"

"घ्या ना. काका राहू द्या, मी एकटी वाजवते."

"डिंपल!" भुवनेश्वर ओरडला. त्याला इतक्या मोठ्याने बोलताना उर्वशीने कधी ऐकलं नव्हतं. "बस खाली."

"नाही बसत. रोज रोज ऐकून राहिलो आपण. तुमाले राग येत नसंल, मले येते." तिने कीबोर्डवरचं पट्टी बदलायचं बटण दाबलं. छोट्या पडद्यावर एकाच्या आकड्याआधी वजाचं चिन्ह होतं. तिथे शून्य आलं. "गा मावशी. काळी पाच. तुमची नेहमीची."

काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. तो उर्वशीचा सूर. बँडमध्ये आली तेव्हापासूनचा. तिची सगळी गाणी त्याच पट्टीत बसवलेली.

"मी काळी पाचमध्येच तर गाते," ती म्हणाली.

डिंपलने सुरुवात वाजवली. उर्वशीने माईक धरला. मुखडा झाला. कडवं आलं. दुसरी ओळ वर चढते, तिथे तिने नेहमीसारखा श्वास घेतला, आणि सूर फाटला. जुनं लुगडं फाटावं तसा, सरळ.

ती थांबली. पाणी प्यायली. "पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हाही तो त्याच ठिकाणी फाटला.

प्रफुल ड्रमचा घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करत होता. नंदलाल ट्रॉलीच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा होता. उर्वशीने पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं, मग डिंपलकडे, मग एकेकाकडे. एकही जण तिच्याकडे पाहत नव्हता.

"किती उतरवली होती?"

"एक," डिंपल म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "पांढरी सहा."

"कधीपासून?"

डिंपलने वडिलांच्या पाठीकडे पाहिलं.

"नागऱ्यापासून," नंदलाल वळून म्हणाला. "तू देवळात होती. भुवनेश्वरभाऊ म्हणे, एक उतरव. मी म्हटलं, दोनच उतरवू ना, आपल्यालेही सोपं जाते. ते म्हणे, दोन उतरवली तर तिच्या कानाले कळते. एक कळणार नाही."

उर्वशीला वाद्यांबद्दल फार कळत नव्हतं, पण एवढं तिला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. कीबोर्डला काय, बटण दाबलं की झालं, बोटं जिथल्या तिथे. सॅक्सोफोनला बटण नसतं. काळी पाच त्या वाद्याला हाताशी होती. पांढरी सहा म्हणजे प्रत्येक बोट आडवाटेने न्यायचं. नंदलालने स्वतःचे ट्रम्पेटचे तुकडे केव्हाच कमी करून टाकले होते, हेही आता तिच्या लक्षात आलं. काकांना ते करता येत नव्हतं. त्या तुकड्यावरच तर तिचं कडवं उभं होतं.

"म्हणजे तुमी सगळे," ती म्हणाली. "सगळे मिळून. मी दर सोमवारी त्या महादेवाले सांगून राहिली, देवा, तू मले गळा देल्ला, तू देल्ला. उपाशी पोटी सांगून राहिली. अन् तुमी मागं उभे राहून हसत होता."

"हसलं कोण, ताई?" प्रफुल म्हणाला. "आमी तर शिव्या खाऊन राहिलो होतो."

"तू चूप बस!"

तो पुन्हा स्क्रूकडे वळला.

"काका," ती म्हणाली. "मी तुमाले एवढं बोलली. तुमी काऊन नाही सांगितलं?"

"तू म्हटली होती ना, गळा फुटला तर पाय ठेवणार नाही," भुवनेश्वर म्हणाला. "देवळात नंदलालची बायको तुझ्या मागंच उभी होती. तिनं ऐकलं, अन् तुझ्या आधी येऊन सांगितलं."

"मग? ते माझं अन् देवाचं होतं. मधात पडणारे तुमी कोण?"

भुवनेश्वरने पुन्हा दुपट्टा उचलला. ती पुढे झाली आणि तो दुपट्टा तिने त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"पुसू नका! बोला!"

"काय बोलू?" तो म्हणाला. "तू गायली, मले बरं वाटलं. बस."

तिने दुपट्टा फळीवर फेकला आणि ट्रॉलीवरून खाली उतरली. जवळच्या शाळेच्या मागे हापसा होता, तिथे गेली. हापशाचा दांडा तिने इतक्या जोरात दाबला की पाणी बादलीबाहेर उसळलं. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. शेजारी भांडी घासणाऱ्या बाईने विचारलं, "बाई, पित्त झालं का?" उर्वशीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्या बाईला कळलं नाही. तिने आपली भांडी थोडी बाजूला सरकवून तिला जागा दिली.

तिला त्या सगळ्यांचा राग आला होता. त्या पिंडीचाही आला, आणि तो आला म्हणून भीती वाटली. मनात हात जोडावेत असं झालं, पण हात जोडले गेले नाहीत. ओल्या हातांनी तिने पदर सारखा केला.

मंडई भरवणाऱ्या मंडळाचे उदाराम पटले स्टेजपाशी ओरडत होते. "चला हो बँडवाले! लोक येऊन बसले. सुरू करता का निस्ते उभेच राहता?"

ती परत आली तेव्हा सगळे आपापल्या जागी होते. समोर खरोखरच लोक जमले होते. बायका पोरांना मांडीवर घेऊन पुढे बसल्या होत्या, मागे पोट्टे उभे होते. दुपट्टा घडी करून भुवनेश्वरच्या खांद्यावर होता.

उर्वशीने माईकचं बटण बंद असल्याची खात्री केली.

"मी काकांशी बोलत नाही," ती प्रफुलला म्हणाली. "पौर्णिमेपर्यंत. नेम धरला मी."

प्रफुलने भुवनेश्वरकडे पाहिलं. दोघांमध्ये तीन हातांचंही अंतर नव्हतं.

"काका, ताई तुमच्याशी पौर्णिमेपर्यंत बोलत नाही म्हणे."

"बरं," भुवनेश्वर म्हणाला.

"त्याईले विचार," उर्वशी समोर लोकांकडे पाहत म्हणाली, "कोणत्या पट्टीत घ्यायचं."

"काका, कोणत्या—"

"ऐकलं मी," भुवनेश्वर म्हणाला. "तिले सांग, तिच्या गळ्याले जमंल त्या."

"मी ते नाही विचारलं," उर्वशी म्हणाली. तिचा आवाज चढला. पुढे बसलेल्या एका म्हातारीने कानामागे हात नेला. "गळ्याचं माझं मी पाहीन. त्याईच्या बोटाईले काय सोपं जाते, ते विचार."

प्रफुलने या वेळी काही विचारलं नाही. काड्या मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला.

भुवनेश्वरने सॅक्सोफोनच्या कळांवर बोटं ठेवली. एकदा उचलली, पुन्हा ठेवली.

"आणखी एक खाली," तो म्हणाला. "काळी चार."

"मग तर सगळ्याईलेच कळंल ना, मावशी," डिंपल हळूच म्हणाली. "गाणं उतरवलं म्हणून."

"दाब," उर्वशी म्हणाली.

डिंपलने बटण दाबलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.