सोमवारचा गुडघा

"आत्या, तुझ्या गुडघ्याला म्हणे रिटायर केलं?"

विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भिंगरीने एका दमात विचारून टाकलं. दाराआड मैत्रिणींचं फिदीफिदी हसणं सुरू झालं. आत्याने दुखरा पाय स्टुलावर नीट ठेवला आणि म्हणाली, "हो. निरोप समारंभ तेवढा राहिला."

ही थट्टा नाही हे कळून भिंगरीचा चेहराच उतरला.

लहानपणी सोमवारी शाळा सुटली की ती थेट हॉस्पिटलच्या एमआरआय विभागात जायची. आत्या तिथली तंत्रज्ञ. गुडघ्यातल्या कूर्चेची, म्हणजे हाडांमधल्या मऊ गादीची, झीज ओळखायची नवी पद्धत आली, तेव्हा यंत्र बरोबर मोजतंय ना, हे तपासायला एक निरोगी गुडघा हवा होता. शाळेत धावण्यात पहिली येणाऱ्या आत्याने आपला पुढे केला. तेव्हापासून बावीस वर्षं, दर सोमवारी, तोच गुडघा. भिंगरी काचेमागे उंच खुर्चीत पाय लोंबकळत बसायची. आत ठकठक चालायची, आत्याला हलायची सक्त मनाई. संपलं की ती पायाचा अंगठा हलवायची. तो फक्त भिंगरीसाठी.

"पण आत होतं काय गं?" तिने एकदा विचारलं होतं.

"अंगातलं पाणी गरगर फिरतं, तुझ्यासारखं. जत्रेतल्या चक्रावर आपणही चढलो की शेजारचा थांबल्यासारखा दिसतो ना? तसं यंत्र त्या पाण्याबरोबर फिरतं, त्याला धरून ठेवतं आणि पकड किती वेळात सुटते ते मोजतं. कूर्चा झिजलेली असली की सुटायला जास्त वेळ लागतो."

यंदा आत्याच्या गुडघ्याचा हा आकडा चढू लागला. इंजिनिअर तीन आठवडे यंत्र उघडून बसला, भाग बदलले, डोकं खाजवलं. शेवटी कुणीतरी माप आधीच ठाऊक असलेली जेलीची बाटली आत ठेवून पाहिली, तर तिचा आकडा चोख. यंत्र ठणठणीत होतं. आत्याच्या गुडघ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आत्याच्याही.

"विभागातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तरी येत जा. धडधाकट असल्यापासून मोजलेला दुसरा गुडघा आमच्याकडे नाही," आत्या म्हणाली. "मी नाही म्हटलं. इतकी वर्षं मी माप होते गं. आता पेशंट म्हणून झोपू?"

 भिंगरीने मैत्रिणींना पिटाळलं. पैज जिंकूनही दप्तर स्वतःच उचलून आत ठेवलं.

रात्री सगळे जेवायला बसले, तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबा, सोमवारचा धावण्याचा सराव मी सोडतेय."

"अगं, शर्यत तोंडावर आलीय," आई म्हणाली.

"बाकीचे दिवस धावेन की. सोमवारी आत्याला मशीनवर नेणार. काचेमागे मीच बसणार. आता पाय जमिनीला टेकतील माझे."

बाबांनी बहिणीकडे पाहिलं. आत्याने ताटातून मान वर केली नाही. स्टुलावरच्या पायाचा अंगठा तेवढा हलला.