मोटर बंद दिसते

उमरग्यात कॉलेजला संगणक शिकवणाऱ्या रुकसानानं ‘पाणपाळी’ हे ॲप फावल्या वेळात केलं होतं. शेतात मोटरीला बसवलेल्या सिमच्या पेटीमार्फत ती मोटर घरबसल्या फोनवरून चालू-बंद करायची, एवढंच त्याचं काम. ॲप फुकट, कोडही सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं. नाव-नंबर नोंदवायची गरज नाही. याचा तिला अभिमान होता.

मंगळवारी दुपारी ती जुन्या तक्रारी चाळत होती. माकणीच्या कुणा उत्तरेश्वरनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं : ‘मोटर बंद दिसती पन पानी येतंय.’ खाली तिचंच उत्तर, इंग्रजीतलं, ठरीव साच्यातलं : आवृत्ती कळवा, ॲपच्या नोंदींचा लॉग जोडा. त्यानं काही जोडलं नव्हतं. चौदा दिवसांनी तक्रार आपोआप बंद झाली होती.

तिनं कोड उघडला. चूक लगेच सापडली. शेतातल्या पेटीकडून निरोप आला नाही, की ॲप मोटर ‘बंद’ आहे असंच धरून चालायचं.

फोनवर ‘बंद’ बघूनच लोक विहिरीत उतरत असणार, आणि चालू मोटरीचा करंट पाण्यात उतरला तर माणूस जागीच जायचा.

दुरुस्त आवृत्ती तिनं टाकली, पण ती घ्या म्हणून सांगायचं कुणाला? तिच्याकडं एकाचाही नंबर नव्हता. स्कूटी काढून ती माकणीला निघाली.

गावात विचारत गेल्यावर उत्तरेश्वर दारातच भेटला, धडधाकट. तिनं ओळख सांगितली.

“म्या कळवलं हुतं की, ताई. तुमी इंग्रजीत कायतरी इचारलं, मग बंदच केलं. म्हटलं, यांना ठावं असंल.”

“तुम्ही अजून वापरता?”

“न्हाय. म्या आता फ्यूजा काढूनच उतरतो. पर मागं लग्नात अकरा जणांच्या फोनात टाकून दिलं. लई चांगलं हाय म्हणून.”

“त्यांना सांगितलंत?”

त्यानं मान खाली घातली आणि फोन काढला.

दहा जणांना फोन लागले, त्यांना सांगून झालं. अकरावा त्याचा मामा कोंडीराम. फोन मामीनं, मथुराबाईनं उचलला. उत्तरेश्वरनं तो स्पीकरवर टाकला.

“ते हिरीत उतरल्यात, पाइपाची जाळी साफ कराया. मोटर बंद केलीया की फोनवरनं.”

“मामी, लाइट हाय का?” उत्तरेश्वरनं विचारलं.

“न्हाय. तीनला येती.”

रुकसानानं घड्याळ बघितलं. तीनला चार मिनिटं होती. लाइट नसताना ‘बंद’चा निरोप पेटीपर्यंत पोचलाच नव्हता; लाइट आली की मोटर आपोआप सुरू होणार होती.

“मामी, पळत जावा. आदी फ्यूजा काढा, मग त्यांना हाक मारा,” उत्तरेश्वर ओरडला.

फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज आला, मग नुसता वारा. उत्तरेश्वरनं भिंतीला पाठ टेकली. खूप वेळानं लांबून कोंडीरामचा वैतागलेला आवाज आला, “काय झालं गं? कशाला वर बोलवती?” पाठोपाठ मथुराबाई रडू लागली.

रुकसाना ओट्यावर बसली. दहापैकी सात जणांनी ॲप पुढं आणखी कुणाला तरी दिलं होतं. कुणी तिकडं कर्नाटकात आळंदला, कुणी बसवकल्याणला.

तिनं तक्रारींचं पान पुन्हा उघडलं. आठ दिवसांपूर्वीची एक तक्रार कन्नडमध्ये होती. वाचता येत नाही म्हणून तिनं बाजूला ठेवलेली. आता तिनं फोनकडून त्या तक्रारीचं भाषांतर करून घेतलं.

‘हे ॲप कुणी केलं? आमच्या घरी घडू नये ते घडलं आहे. फोन करा.’

खाली नंबर होता. उत्तरेश्वरनं तो वाचला आणि तिच्याशेजारी बसला. रुकसानानं नंबर लावला. पलीकडं रिंग वाजू लागली.