आवाज आधी, ब्रेक नंतर

मित्रांनो, रस्त्याकडेला उभी दिसले की तुम्ही जिच्या काचेला नाक लावून आत बघता, ती ठेंगणी, लाल, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे मी. 'काय भारी गाडी आहे,' असं तुम्ही म्हणता. ऐकून बरं वाटतं आणि लगेच ओशाळायला होतं. का, ते सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यात काही उणं नव्हतं. पहिल्या मालकांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला कापडाखाली झाकून ठेवलं. झाकलेल्या गाडीचं वय वाढत नाही, असं माणसांना वाटतं. पण माझ्या टायरचं रबर आतल्या आत कडक होत गेलं. ब्रेकच्या तेलात हवेतला ओलावा मुरत गेला. वरून मात्र मी नवी कोरी दिसत होते.

अशी मी मास्तरांकडे आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते गाडी चालवायला शिकवत. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी सांगत, "गाडी पळवणं कुणालाही जमतं. थांबवता आली की गाडी आली म्हणायचं." दिवसभर दुसऱ्यांच्या चुका सांभाळून दमलेला हा माणूस संध्याकाळी नुसता माझ्यात येऊन बसायचा, स्टिअरिंगवर हात ठेवून. मला तो फार आवडायचा.

त्यांची बायको केस कापायचं दुकान चालवायची. तिने माझ्यातून पहिला फेरफटका मारला आणि उतरताना म्हणाली, "अहो, सिग्नलला गाडी केवढी पुढे गेली. आधी ब्रेक बघून घ्या."

"बघतो ना," मास्तर म्हणाले. आणि ते खरंच बघणार होते. पण त्याच आठवड्यात तिचा भाऊ आला. त्याच्याकडे नवी गाडी होती आणि जिभेला हाड नव्हतं. मला सुरू करायला लावून त्याने कान लावला आणि म्हणाला, "भाऊजी, रूप वाघाचं आणि आवाज शिलाई मशीनचा?"

सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी आरशात पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजमध्ये होतो. माझ्या आयुष्यातले पहिले बदल तिथे ठरले. मोकळा सायलेन्सर, जास्त हवा ओढणारा फिल्टर, इंजिनाची ताकद वाढवणारं ट्यूनिंग. गॅरेजवाल्याने माझं पुढचं चाक हलवून पाहिलं. "ब्रेकचे पॅड झिजलेत मास्तर. तेलही काळं पडलंय. टायर तर दगड झालेत. हे आधी करू या का?"

"ते पुढच्या खेपेला," मास्तर म्हणाले. गॅरेजवाल्याने खांदे उडवले. गिऱ्हाईक खूश तर तोही खूश.

त्या दिवसापासून मी गल्लीत शिरले की लोक वळून बघू लागले. शेजारच्या आजी मात्र एका कानावर हात ठेवून खिडकी लावून घेत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्याचं पोट रिकामं आहे त्याने रस्त्यात मोठमोठ्याने ढेकर द्यावेत, तशी माझी गत. पण मास्तर खुशीत होते आणि मी गुरगुरत राहिले.

मग एका सुट्टीच्या सकाळी डोंगरावरच्या तळ्याकडे जायचं ठरलं. पुढे मेव्हणा, मागे आम्ही. चढणीला मी अशी उधळले की मास्तर शीळ घालायला लागले. उतरताना मात्र मेव्हण्याला गाठायच्या नादात ते प्रत्येक वळणाआधी जोरात ब्रेक दाबत होते. माझ्या चाकांमधून जळका वास यायला लागला.

"अहो, हळू," बायको म्हणाली.

पुढच्या वळणाला मास्तरांनी पाय दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. ते जुनं, ओलावा धरलेलं तेल उकळलं होतं. मास्तरांनी पुन्हा पुन्हा पाय मारला, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. मी माझ्याकडून जीव तोडून रस्ता धरायला बघत होते, पण त्या कडक टायरांना रस्ता धरवेना. दरीची बाजू टाळून त्यांनी मला आतल्या बाजूच्या खडीच्या ढिगावर घातलं. तोल सावरायला बायकोने हात पुढे टेकला होता. तिचं उजवं मनगट मोडल्याचा आवाज माझ्या त्या मोठ्या आवाजातही मला ऐकू आला.

मागून एक गाडी येऊन व्यवस्थित, कडेला, दिवे लुकलुकत थांबली. चालवत होत्या एक निवृत्त बाई. मास्तरांनीच त्यांना उतारवयात गाडी शिकवली होती. "मास्तर, काय झालं हो?"

मास्तर म्हणाले, "वळणावर दगड आला."

दगड नव्हता. बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती त्या बाईंच्या गाडीत जाऊन बसली. मित्रांनो, मला तोंड नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

पुढे गॅरेजमध्ये मला कळत गेलं. बायकोचं दुकान बंद होतं. हाताला काय झालं असं गिऱ्हाइकांनी विचारलं की बायको सांगायची, "घसरून पडले." ती आपल्यासाठी खोटं बोलते, हे मास्तरांना सहन होईना. रागावली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं.

एका सकाळी ते शिकायला येणाऱ्या सगळ्यांना घेऊन गॅरेजमध्ये आले. त्या निवृत्त बाईंनाही बोलावलं होतं. माझं चाक काढलेलं होतं. करपलेला पॅड हातात धरून मास्तर म्हणाले, "हा माझ्या गाडीचा. दगडबिगड काही नव्हता. मी आवाज आधी बसवला आणि ब्रेक मागे ठेवला. हात बायकोचा मोडला." बोलताना त्यांची मान वर झाली नाही. बाईंनी तो पॅड घेऊन नीट पाहिला आणि पुढच्याच्या हातात दिला.

मग माझं सगळं नव्याने ठरलं. आधी टायर. मग ब्रेकचे पॅड, नळ्या, नवं तेल. माझा जुना सायलेन्सर परत आला. इंजिनाची वाढवलेली ताकद काढायची का, असं गॅरेजवाल्याने विचारलं, तर मास्तर म्हणाले, "राहू दे."

प्लॅस्टर निघालं, पण बायकोचं मनगट पूर्वीसारखं वळत नाही. कात्री धरताना तिला मध्येच थांबावं लागतं. एक दिवस ती माझ्यापाशी आली, मास्तरांना म्हणाली, "किल्ली द्या. तुम्ही त्या बाजूला बसा." मोकळ्या मैदानात तिने मला वेगात नेलं आणि अचानक ब्रेक दाबला. मी जागच्या जागी उभी राहिले. मास्तर पट्ट्यात पुढे झुकून मागे आले.

तिने हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "हं. थांबते आता."

मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन एखादी गाडी घ्याल. तिला सजवा, पळवा, माझी ना नाही. पण ती आधी थांबते का, ते पाहा. आणि मी दिसले तर, मी किती पळते असं विचारू नका. अजूनही मान खाली घालावीशी वाटते.