एकशे बारा पायऱ्या

तिसरीच्या बाईंचा हात चांगला होता आणि तो कुठे कुठे फिरतो हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मुलं घरी गेली की बाई वर्गाचं दार लोटून घेत, टेबलावर चित्रांचा गठ्ठा ओढत आणि एकेका चित्रावरून शेवटचा हात फिरवत. कुठे माणसाला मान नसे ती देत, कुठे हवेत लोंबकळणाऱ्या घराखाली जमीन घालत. पालक म्हणत, आमच्या पोराला एवढं छान येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. पोरालाही माहीत नसे. पण पोरं शहाणी, ती गप्प बसत.

हे काही बाईंनी सुरू केलेलं नव्हतं. त्यांच्या आधीच्या बाईही तेच करत, आणि चौथीच्या सरांचा हात तर इतका सढळ, की त्यांच्या वर्गातली सगळी झाडं एकाच आईची लेकरं वाटत. शाळेत याला कुणी लबाडी म्हणत नसे. मुलाच्या शर्टाचं राहिलेलं बटण लावून द्यावं, तसं ते होतं.

यंदा सहल दीपगृहावर गेली होती आणि प्रदर्शनाचा विषयही तोच होता. चाळीस मुलांपैकी एकोणचाळीस वर जाऊन आली. राहिली ती घुमी. घुमी हे तिचं वर्गातलं नाव. बोलायची नाही, काही विचारलं तर चपलांकडे बघायची, पाढे म्हणताना ओठ हलायचे पण आवाज यायचा नाही. दीपगृहात चौथ्याच पायरीवर तिला गरगरलं, तेव्हा बाईंनी तिला तळाच्या बाकावर राखणदाराशेजारी बसवलं आणि बाकीच्यांना घेऊन त्या वर गेल्या. राखणदाराचं नाव मुलांनी फाटकातच दिवेकाका ठेवून टाकलं होतं. तासाभराने सगळे उतरले तेव्हा दोघं माना वर करून, तोंडातून चकार शब्द न काढता, बिस्किटं खात बसली होती. निघताना घुमी दिवेकाकांना म्हणाली, "मी काढीन." बाईंनी ते ऐकलं. काय काढणार, हे विचारायचं राहून गेलं, कारण एकाचा बूट सापडत नव्हता.

घुमीला यंदा तिसरीतच ठेवायचं मुख्याध्यापिकाबाईंनी जवळजवळ ठरवलं होतं. शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची. तिसरीच्या बाईंनी बरीच रदबदली केली. मोठ्या बाई म्हणाल्या, तिला येते अशी एक गोष्ट दाखवा, मग बघू. बाईंनी प्रदर्शनाचा शब्द दिला. घुमीची आई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तीही मालकाला सांगून अर्धा दिवस येणार होती. थोडक्यात, पोरीचं वर्ष एका कागदावर येऊन ठेपलं होतं.

आणि कागदावर काय, तर एक करडं वेटोळं. बाहेरून आत फिरत गेलेलं, त्यावर रेघाच रेघा, मधोमध बटणाएवढं पांढरं भोक. बाईंनी कागद उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. कुठूनही ते दीपगृह होईना. गोगलगाय म्हणावी, तर तिला डोकं नव्हतं.

बाईंना राग आला नाही, कीव आली. आणि कीव आली की बाईंचा हात आवरत नसे. त्यांनी पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले, वाळू दिले आणि वर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सरळसोट दीपगृह उभं केलं. मागे निळा समुद्र, आकाशात चार पक्षी. खालच्या कोपऱ्यातलं नाव तेवढं घुमीच्या अक्षरात राहिलं.

सकाळी चित्रं भिंतीवर लागली. घुमीने आपलं नाव शोधलं, वर पाहिलं आणि बोटाने रंग चाचपला. बाईंना वाटलं, पोर हरखून गेली.

आई आली ती शिवताना बोटात घालायचं टोपण तसंच ठेवून. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली, मग हळूच बाईंना म्हणाली, "हे तिनंच काढलं ना?"

बाई म्हणाल्या, "हो."

आईचे डोळे भरून आले. मोठ्या बाई फिरत फिरत तिथे आल्या, चष्मा सारखा केला, बरं आहे, पाठवा चौथीत, म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बाईंच्या जिवात जीव आला.

पाहुणे म्हणून दिवेकाकांनाच बोलावलं होतं. ही कल्पना मोठ्या बाईंची. ते इस्त्रीच्या गणवेशात आले, हात मागे बांधून चाळीसच्या चाळीस चित्रं बघत गेले. "आमचं दीपगृह करडं आहे," एवढंच म्हणाले, तेही तक्रार म्हणून नाही. मग त्यांनी गर्दीत नजर फिरवली आणि घुमीला जवळ बोलावलं.

"माझ्या बाकावरून दिसतं ते काढणार होतीस ना? कुठंय?"

घुमीने भिंतीवरच्या आपल्या चित्राकडे बोट केलं. "याच्याखाली."

मोठ्या बाईंनी बाईंकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. पोरीचा काहीतरी घोळ होतोय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. घुमीच्या शब्दाला शाळेत वजन नव्हतं आणि बाईंच्या शब्दाला बावीस वर्षांचं होतं. बाईंच्या तोंडाशी ते वाक्य आलंही होतं. पण घुमी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती नेहमीसारखी आपल्या चपलांकडे बघत होती, आणि त्यानेच बाईंचं अवसान गळालं.

"रंग मी दिला," बाई म्हणाल्या. "तिचं चित्र मला कळलं नाही."

"मगाशी तुम्ही हो म्हणालात," आई म्हणाली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने मुळात काढलं काय होतं, असं मोठ्या बाईंनी विचारलं. बाईंना ते धड सांगताही येईना. त्यांनी खडू उचलून घुमीपुढे धरला.

घुमी स्टुलावर चढली. फळ्याच्या कडेपासून तिने वेटोळं घालायला घेतलं आणि मग त्यावर एकेक रेघ मारत आत जाऊ लागली. ओठ हलत होते, पाढ्यांच्या वेळी हलायचे तसेच. फार वेळ लागला. एका वडिलांनी दोनदा घड्याळ बघितलं, मुलं चुळबुळायला लागली. दिवेकाका मात्र मान तिरकी करून प्रत्येक रेघेवर हवेतल्या हवेत बोट टेकवत होते. वाटेत एक रेघ तिने अर्धीच मारली आणि पुढे गेली. शेवटी मधलं भोक राहिलं, तेव्हा ती खाली उतरली.

"ही एक अर्धी का सोडली?" मोठ्या बाईंनी विचारलं.

उत्तर दिवेकाकांनी दिलं. "ती पायरी तुटलीय. वरून पत्रा ठोकलाय, म्हणून चढणाऱ्यांना कळत नाही. खाली बसून वर बघितलं तर दिसते." मग ते घुमीला म्हणाले, "एकशे बारा. बरोबर आहेत. एकतीस वर्षं मी रोज हेच बघतो."

मोठ्या बाई फळ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः मोजायला सुरुवात केली, चाळिशीच्या आसपास चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून धरलं. "हिला चौथीत पाठवा," त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या, यावेळी बाईंकडे न बघता. आईने टोपण काढून पिशवीत टाकलं आणि लेकीच्या हातावरचा खडू पदराने पुसला.

लोक पांगायला लागले. मघाशी घड्याळ बघणारे वडील रेंगाळले होते. मुलाचा हात धरून ते त्याच्या चित्रापुढे उभे होते. चित्र छान होतं, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, निळा समुद्र, चार पक्षी.

"बाई," ते म्हणाले, "आमच्यानं आधी काय काढलं होतं?"

मुलगाही उत्तराची वाट बघत होता. बाईंनी चित्राकडे पाहिलं, शेजारच्या चित्राकडे पाहिलं, मग पार भिंतीच्या टोकापर्यंत पाहत गेल्या. एकाही चित्राखाली काय होतं, ते त्यांना आठवेना.