उशीत कोंबलेली लव्हेंडरची थैली

मित्रांनो, मी एक जुनी कापडी थैली आहे. तळहाताएवढी, पोटात लव्हेंडरची वाळलेली फुलं. आणि सध्या मी भयंकर संतापलेली आहे.

माझा जन्म साधा. फुलं पुरती उमलायच्या आत कापली, जुड्या बांधून अंधाऱ्या खोलीत उलट्या टांगल्या, वाळल्यावर हातांनी चोळून देठांपासून वेगळी केली. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ती उरलेल्या सुती तुकड्यात भरली आणि माझं तोंड शिवलं. म्हणून तर इतकी वर्षं गप्प होते.

मी कपाटात राहायचे, लोकरी कपड्यांच्या घडीत. एकाही स्वेटरला कसर लागू दिली नाही. दमून आलेल्या माणसाने मला उशाशी ठेवलं तर त्याला जरा बरं वाटायचं. एवढंच माझं काम, आणि ते मी चोख केलं.

पण आत्याबाईंनी कुठेतरी माझे फायदे वाचले. आत्याबाई म्हणजे ठमीच्या बाबांची मोठी बहीण. ठमीची आई कामावर गेली की तीन वर्षांच्या ठमीला त्याच सांभाळतात. मायेने सांभाळतात, खोटं कशाला बोलू? पण एकदा मनाने घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायच्या नाहीत. डोकं दुखलं, लव्हेंडर. पोट बिघडलं, लव्हेंडर. ठमीचे बाबा म्हणाले, उद्या गळक्या नळालाही हीच हुंगवा.

मग ठमीला सर्दी झाली, ताप आला, कान धरून ती रडू लागली. आई डॉक्टरांचं नाव काढते तोच आत्याबाई म्हणाल्या, सर्दीने कान ठणकायचाच, हल्लीच्या आयांना शिंक आली तरी दवाखाना लागतो. मला त्यांनी ठमीच्या उशीच्या अभ्र्यात कोंबलं. वर माझ्या अंगावर लव्हेंडरच्या तेलाचे थेंब.

आणि काय, ठमी खरंच शांत झोपली! घरभर माझा जयजयकार. आईसुद्धा गप्प बसली.

मला मात्र कळत होतं. वरून काहीतरी ओलसर माझ्यापर्यंत झिरपत होतं. त्याला घाण वास होता, आणि तो माझ्याच सुगंधाखाली दडपला जात होता. कुणाला सांगणार?

ताप उतरला, पण डावीकडून हाक मारली तर ठमी बघेना. आत्याबाई म्हणाल्या, खेळात रमलीय. आई मात्र बघत राहिली. शेवटी तिने अभ्रा उलटा केला. मी खाली पडले, अंगावर पिवळट डाग घेऊन. आईने आधी मला हुंगलं, मग ठमीचा डावा कान.

डॉक्टरबाईंनी कान तपासला. "पडदा फुटलाय. फुटला की पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. म्हणून झोपली ती."

"ऐकू येईल ना हिला?"

"बहुतेकदा भरून येतो पडदा. औषध चुकवू नका, कानात पाणी, तेल काही जाऊ देऊ नका. मग पुन्हा बघू."

घरी आल्यावर आत्याबाई मलाच कचऱ्यात टाकायला निघाल्या. म्हणे, मेली काही कामाची नाही. काल मी धन्वंतरी, आज मी मेली! कान बरा करते असं मी कधी म्हटलं होतं?

आईने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. "वन्सं, ठमीला डॉक्टरकडे या थैलीने न्यायचं होतं का?"

आत्याबाईंनी ठमीला जवळ ओढलं. आई बोलून गेली आणि स्वतःच रडू लागली, कारण गप्प तीही बसली होती.

मित्रांनो, मला कपड्यांत ठेवा, खोलीत टांगा, खुशाल हुंगा. पण लेकरू रडत असेल तर माझ्या वासाने त्याचं दुखणं झाकू नका. आणि ते एकाएकी शांत झालं, तर ते का शांत झालं हेही विचारा.

आता आई रोज ठमीच्या मागे उभी राहून डावीकडून हळूच हाक मारते. आत्याबाई दारात श्वास रोखून उभ्या असतात. काल ठमी वळली, पण उजवीकडे, चांगल्या कानाच्या बाजूला. तिला डावीकडे वळलेली पाहीपर्यंत मला कुणी छान वासाची म्हणू नका.